जिन्याच्या पाच पायऱ्या

शनिवार पेठ, पुणे

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "वाडा पाडा आणि बिल्डरला देऊन टाका." आई पानं घेत होती, म्हणून मी वाद वाढवला नाही. आता सविस्तर लिहितो.

शनिवारवाडा केंद्राचं संरक्षित स्मारक. त्याच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित, पुढचे २०० मीटर नियंत्रित. २०१० पासून हे कायद्यातच आहे. मी आपला टेप घेऊन दिल्ली दरवाजापासून मोजत आलो, एकशे सात भरले, खुशीत घरी चहा मागितला. मग कळलं, मोजायचं हद्दीपासून. म्हणजे आपण त्या शंभर मीटरच्या आत. आत नवं बांधकाम नाही. पाडून पुन्हा तेवढंच उभारतो म्हटलं तरी ती दुरुस्ती ठरत नाही. दुरुस्ती करता येते, पण तीही परवानगीने, आणि इमारत १६ जून १९९२ पूर्वीची आहे हे दाखवून. पणजोबांच्या वाड्याने १९९२ आधीचा दाखला द्यायचा! असो.

माझा पहिला अर्ज परत आला. मी लिहिलं होतं, "जिना नव्याने बांधणे." खिडकीवरचा मुलगा भला होता. म्हणाला, "काका, बांधणे कशाला? तुम्ही नक्की काय करणार ते लिहा." खरं म्हणजे करायचं काय, तर वाळवीने पोखरलेल्या खालच्या पाच पायऱ्या त्याच मापाच्या सागवानात बदलायच्या आणि ओसरीवरची तुळई टेकवायची. तसंच लिहिलं. आर्किटेक्टने नकाशावर तेवढाच भाग लाल केला. आता हा अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडून पंधरा दिवसांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे जायचा आणि त्यांनी दोन महिन्यांत कळवायचं. कायद्यात असं आहे, एवढंच म्हणतो.

काकाची सही झाली. तू म्हणत होतास ती गच्चीवरची खोली विसर.

आजीच्या ट्रंकेत १९७१ची घरपट्टीची पावती सापडली, हळदीच्या डागासकट. पण तिच्यावर जिना कुठे दिसतो? तुझ्या मुंजीचा, मे १९९१चा फोटो तुझ्याकडच्या अल्बममध्ये आहे. मुंडण झाल्यावर तू तिसऱ्या पायरीवर रडत बसलायस, मागे अख्खा कठडा. नीट स्कॅन करून पाठव. कडा कापू नकोस.

तुझा,
बाबा