बर्फात सुती कपडा नको

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

सोयाबीनचे चुकारे हाती आले, कापसाची दुसरी वेचणी घरात पडली की आमच्या तालुक्यांतून बर्फ पाहायला निघणारी कुटुंबे अलीकडे बरीच दिसतात. आपल्या दैनिकात मनाली-गुलमर्गच्या सहलींच्या जाहिरातीही रोज असतात. त्यात हॉटेल, जेवण, फिरण्याची ठिकाणे असे सगळे असते. अंगात काय घालायचे याबद्दल मात्र ‘गरम कपडे सोबत आणावेत’ एवढीच ओळ. विदर्भातल्या माणसाला ही ओळ फसवते, कारण गरम कपड्यांचा आपला हिशेब कोरड्या थंडीवर बसलेला आहे.

थंडी आपल्यालाही नवी नाही. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर आला होता. पण ती थंडी स्वेटर, दुपट्टा आणि शेकोटीवर निभते. बर्फातली थंडी समजून घ्यायची तर रात्रीच्या लायनीवर गव्हाला ओलित करणाऱ्याला विचारावे. अंगावर घोंगडी असली तरी पाटात पाय भिजले की हुडहुडी थांबत नाही. बर्फातही तेच होते. माणूस त्यात बसतो, घसरून पडतो, लेकरे तर लोळतातच. अंगाच्या उबेने तो बर्फ कपड्यात वितळतो आणि सुती कापड ते पाणी धरून ठेवते. धाग्यांमधली कोंडलेली हवा ऊब देत असते. तिथे पाणी शिरले की ते अंगातली उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने ओढून नेते. म्हणून कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यातूनच हे लिहावे लागते आहे: बर्फात सुती बनियन नको, सुती मोजे नकोत, आणि जीन्स तर मुळीच नको. भिजलेली जीन्स दिवसभर वाळत नाही, आणि उणे तापमानात पत्र्यासारखी ताठ होते.

एका जाड कोटापेक्षा तीन थर चांगले. अंगालगत पॉलिस्टरचे किंवा लोकरीचे थर्मल, त्यावर लोकरी स्वेटर किंवा फ्लीस, आणि सगळ्यात वर वारा-पाणी अडवणारे जॅकेट. चढ चढताना घाम फुटण्याआधीच मधला थर काढावा, थांबलो की लगेच घालावा. घामाने आतून भिजणे बर्फाने बाहेरून भिजण्याइतकेच वाईट. विणलेले लोकरी हातमोजे बर्फाच्या पहिल्या गोळ्यातच ओले होतात. पाणी न शिरणारे घ्यावेत, आणि लहान मुलांसाठी दोन जोड ठेवावेत.

मोज्यांच्या बाबतीत जवळजवळ सगळेच एक चूक करतात. दोन-तीन जोड एकावर एक चढवून पाय बुटात कोंबतात. त्याने रक्त फिरायचे थांबते आणि बोटे उलट लवकर बधिर होतात. लोकरीचा एकच जाड जोड घालावा आणि बूट असा घ्यावा की आत बोटे हलली पाहिजेत. मनालीहून सोलंगकडे जाताना कोट आणि गमबूट भाड्याने देणारी दुकाने लागतात. तिथे गमबूट पायात घालण्याआधी पार टोकापर्यंत हात घालून पाहावा, कारण आदल्या गिऱ्हाइकाचा ओलावा बऱ्याचदा आत तसाच असतो. दुसरा बूट मिळत नसेल तर मोज्यावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवावी. बोटाचे टोक पांढरे पडून बधिर झाले तर ते शेकोटीवर धरू नये (बधिर कातडीला भाजलेलेही कळत नाही), बर्फाने चोळूही नये. काखेत धरावे, नाहीतर कोमट पाण्यात बुडवावे.

शेकोटीची सवय रात्री जास्त घातक ठरते. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपल्याने दर हिवाळ्यात माणसे मरतात. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोके दुखते, मळमळते, आणि लोकांना वाटते उंचीमुळे होत असेल. खोलीतल्या सगळ्यांचे डोके एकदम दुखू लागले तर आधी दार उघडून बाहेर यावे.

स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्यांनी रेडिएटर पाहावा. आपल्याकडे उन्हाळाभर त्यात साधे पाणी ओतत राहण्याची पद्धत आहे. हे पाणी रात्री गोठले की फुगते आणि रेडिएटर, कधी इंजिनाचा ब्लॉकही तडकवते. निघण्यापूर्वी सगळे पाणी काढून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे भरावे. हे मिश्रण उणे ३० च्या खालीही टिकते. डिझेलची टाकी खालच्या सपाटीवरून काठोकाठ भरून नेऊ नये. कडक थंडीत डिझेलमधले मेण गोठून फिल्टर चोंदतो, त्यामुळे तिथल्या पंपावर भरलेले बरे. रात्री गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि चाकांना दगड लावावेत. हँडब्रेक ओढून ठेवला तर ओला ब्रेक तसाच गोठून बसतो.

मनालीच्या पुढचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला तेव्हापासून हिवाळ्यातही लाहौलमधल्या सिस्सूपर्यंत गाड्या जातात. अडचण असते परतीची. दुपारी बर्फ पडू लागला की बोगदा ते सोलंग हा उतार काचेसारखा होतो. डिसेंबर २०२४ मध्ये तिथे शेकडो गाड्या अडकल्या होत्या. बर्फात पकड मिळावी म्हणून टायरवर चढवतात ती साखळी नेहमी इंजिनाचा जोर असलेल्या चाकांना लावायची. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला मागे साखळी लावून काही उपयोग नसतो. साखळी असताना वेग ३० च्या वर नेऊ नये. उतारावर ब्रेक न दाबता पहिल्या गिअरवर उतरावे. हा सराव आपल्या सपाट रस्त्यांवर कोणालाच मिळत नाही. म्हणून गाडी मनालीत ठेवून स्थानिक फोर बाय फोर (चारही चाकांना जोर असलेली गाडी) भाड्याने करणे हेच आम्ही सुचवू. तिचे पैसे वाचवू नयेत.

गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे आणि गंडोलाचा, म्हणजे तारेवरच्या पाळण्याचा, दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर ३,९०० मीटरच्या वर सोडतो. आपण राहतो समुद्रसपाटीपासून तीनशे-चारशे मीटरवर. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असलेल्या ज्येष्ठांनी पहिल्या टप्प्यावरच थांबावे. वर गेल्यावर दोरी लावलेली हद्द कोणीही ओलांडू नये. १ फेब्रुवारी २०२३ ला याच अफरवटच्या उतारावर हिमस्खलनात दोन परदेशी स्कीपटू दगावले. ताजा बर्फ पडल्यानंतरचे एक-दोन दिवस सर्वांत धोक्याचे असतात. काळा चष्माही अतिनील किरण अडवणाराच हवा. बर्फावरून परतणारे ऊन डोळे भाजते आणि त्रास सहा-आठ तासांनी, म्हणजे रात्री झोपायच्या वेळी सुरू होतो.

आता तारखांबद्दल. काश्मिरात २१ डिसेंबरपासून ४० दिवस ‘चिल्लई कलान’, म्हणजे सर्वांत कडक थंडी असते. तेवढ्यावरून नाताळच्या सुट्टीत बर्फ मिळेलच असे धरून लोक आगाऊ पैसे भरतात. जानेवारी २०२४ चे जवळजवळ सगळे दिवस गुलमर्ग उघडे-बोडके होते, बर्फ आला तो महिनाअखेरीस. हा बर्फ पश्चिमी चक्रावात, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी प्रणाली, आणतात. त्यांचाच परिणाम होऊन आपल्याकडे आभाळ येते आणि हरभऱ्यावर घाटेअळी वाढते. चक्रावाताचा अंदाज चार-पाच दिवस आधी बऱ्यापैकी कळतो. फेब्रुवारीत, तूर घरात आल्यावर निघणाऱ्याला बर्फाची खात्री जास्त असते आणि गर्दी कमी.

आपल्याला विनंती एवढीच. डिसेंबर ते फेब्रुवारी बाजारभावाच्या रकान्याशेजारी हवामान खात्याच्या श्रीनगर आणि शिमला केंद्रांचा अंदाज दोन ओळींत छापावा. आणि सहलींची जाहिरात घेताना कपड्यांची नेमकी यादी देण्याची अट घालावी.

आपले,
बर्फाळ भागात सहली नेणारे काही वाचक,
जि. यवतमाळ