गॉलवेहून, नागिणीच्या निमित्ताने

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबांची नागीण सुकत आल्याचे कळले आणि जीव भांड्यात पडला. मात्र ‘तिची दोन्ही तोंडे जुळली तर काही खरे नाही’ हे शेजारच्या काकूंचे बोलणे आईच्या मनातून अजून गेलेले दिसत नाही, म्हणून हे पत्र. आश्चर्य असे की इथे आयर्लंडच्या खेड्यांतही लोक नेमके हेच मानत आले आहेत: पुरळ कमरेला वळसा घालून टोकाला टोक भिडले की माणूस दगावतो. वास्तविक लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी दबून राहतो आणि पुढे एकाच बाजूच्या तंतूच्या वाटेने वर येतो; त्यामुळे पुरळ सहसा शरीराची मध्यरेषा ओलांडतच नाही.

१९३७ ते १९३९ या काळात इथल्या लोकसाहित्य आयोगाने सुमारे ५००० प्राथमिक शाळांतील मुलांकडून घरातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी लिहवून घेतल्या. त्या वह्या आता संगणकावर वाचता येतात आणि मी रात्री उशिरापर्यंत वाचत बसते. नागिणीवर काळ्या मांजराचे रक्त लावावे. गालगुंड झालेल्या मुलाच्या गळ्यात गाढवाचे दावे अडकवून त्याला ओढ्यापर्यंत न्यावे. डांग्या खोकल्यासाठी पांढऱ्या घोड्यावरच्या स्वाराला उपाय विचारावा आणि तो सांगेल ते निमूटपणे करावे! दुधात उकळलेले कॅरगीन हे समुद्रशेवाळ मात्र खोकल्यासाठी आजही प्यायले जाते, आणि चवीला ते मुळीच वाईट नाही.

आमच्या घरमालकीणबाई अजूनही सांगतात की अमक्याकडे नागिणीचा ‘क्युअर’, म्हणजे ती बरी करण्याचा गुण, आहे. हा वारसा घराण्यातून येतो, सातव्या मुलाच्या सातव्या मुलाला तर जन्मतःच मिळतो. त्याचे पैसे द्यायचे नसतात आणि आभारही मानायचे नसतात. आपल्याकडे नागीण उतरवणारे आजोबाही दक्षिणा घेत नसत, हे बाबांना आठवत असेल. बहुतेकांची नागीण तीन-चार आठवड्यांत आपोआप बरी होते, तेव्हा दोन्हीकडच्या उतरवणाऱ्यांना यश आले यात नवल नाही. मागे राहणारी ठणक मात्र त्यांच्या हाती नव्हती.

म्हणूनच बाबांच्या विषाणूवरच्या गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या याचे मला फार समाधान वाटते. आईने ओल्या फोडांवर गेरू लावू नये, आणि तिच्या स्वतःच्या लशीविषयी डॉक्टरांना विचारून मला कळवावे.

आपली लेक