काहीच न दिल्याबद्दल आभार

डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र असं चारचौघांत लिहितोय, कारण तुमच्यासमोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं, पुढच्यांना पाठवा" म्हणता. शिवाय माझ्या काविळीबद्दल तुम्ही मला जे सांगितलंत ते आधी कुणी सांगितलं असतं, तर घरातल्या सगळ्यांची निदान आठवडाभराची झोप वाचली असती.

मी तुमच्याकडे पहिल्यांदा आलो तो पिशवी घेऊन. तापाच्या गोळ्यांच्या दोन पट्ट्या, मळमळीची गोळी, ॲसिडिटीची गोळी, दुसरीकडे लिहून मिळालेलं अँटिबायोटिक, लिव्हर टॉनिकची बाटली आणि एका हितचिंतकाने दिलेली बिननावाची पुडी. डोळे पिवळेधमक झाले होते, तरी मनात एक समाधान होतं, की आपल्याकडून काही कसर राहिलेली नाही. तुम्ही पिशवी टेबलावर उलटी केलीत, तापाच्या गोळ्यांची पट्टी उचललीत आणि तिच्यातले रिकामे खळगे बोटाने मोजायला लागलात.

"दिवसाला किती घेतल्या?"

"लागतील तशा."

"लागतील तशा म्हणजे किती?"

हा प्रश्न मला तेव्हा उगाच खोदून विचारल्यासारखा वाटला. पॅरासिटामॉल लिव्हरमधूनच पार पडतं आणि जास्त झालं तर लिव्हरलाच मारतं, हे मला ठाऊक नव्हतं. तुम्ही एकेक वस्तू बाजूला सारत गेलात. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, हा विषाणू आहे. टॉनिकची गरज नाही. पुडीत काय आहे ते देणाऱ्यालाही माहीत नसेल, आणि नेमकं याच वेळी लिव्हरला नवीन काही पचवायला देऊ नका. सगळं आटोपल्यावर टेबलावर काहीच उरलं नाही. मी वाट बघत होतो की आता तुम्ही तुमचं औषध लिहाल. तुम्ही लिहिलंत ते रक्त तपासणीचं आणि चार दिवसांनी पुन्हा येण्याचं.

निदान सलाइन तरी लावा, असं मी म्हटलं होतं. पाणी पोटात टिकतंय ना, मग पिऊन घ्या, एवढंच तुमचं उत्तर. खरं सांगतो, बाहेर पडल्यावर मी बायकोला म्हणालो, "या बाईंनी काहीच केलं नाही." आज त्या वाक्याची लाज वाटते.

आयजीएम, म्हणजे ताजी लागण दाखवणारी रक्तातली प्रतिपिंडं (अँटिबॉडी), पॉझिटिव्ह आलं आणि हिपॅटायटिस ए नक्की झाला. नाव ऐकताच नातेवाइकांचे फोन सुरू झाले. कुणाला बी आठवला, कुणाला सी, कुणाला लिव्हर खराब होऊन गेलेला कुणी लांबचा. नावं सारखी असली तरी विषाणू वेगळे. हा रोग्याच्या विष्ठेतून पाण्यात, अन्नात, हातांवर येतो आणि तिथून दुसऱ्याच्या तोंडात जातो. तो शरीरात कायमचा मुक्काम करत नाही. हे तुम्ही मला एका दमात सांगितलंत आणि मी तेच वीस जणांना सांगितलं.

मला जास्त पटलं ते दुसरंच. हा विषाणू लिव्हरच्या पेशी स्वतः फारशा मारत नाही. तो ज्या पेशींत शिरलाय त्या आपलीच प्रतिकारशक्ती शोधून संपवते. चोर पकडायला आलेल्यांनीच घराची दारं फोडावीत तसं. म्हणून विषाणू मारायचं औषध हाताशी नसलं तरी बहुतेकांचं अडत नाही. चोर पकडला जातो, दारं हळूहळू पुन्हा बसतात. आपण फक्त मध्ये लुडबुड करायची नाही.

आता त्या आठ-दहा दिवसांकडे वळून बघितलं की सगळं उलट समजत होतो असं दिसतं. आधी ताप, अंग मोडून येणं, अन्नाचा वास आला तरी ढवळणं, उजव्या बरगडीखाली जडपणा. तेव्हा आम्ही 'साधा व्हायरल' म्हणून निवांत होतो. मग एका सकाळी लघवी गर्द तपकिरी झाली, शौचाचा रंग उडाला, डोळे पिवळे झाले, अंगाला खाज सुटली आणि घरात हलकल्लोळ माजला. पण त्याच दिवशी ताप उतरला होता! कावीळ दिसते तेव्हा विषाणूचा जोर बहुधा ओसरायला लागलेला असतो. दुसऱ्याला लागण होण्याचा सर्वांत मोठा धोकाही त्याआधीच्या एक-दोन आठवड्यांत असतो, म्हणजे मी व्हायरल समजून सगळ्यांमध्ये वावरत होतो तेव्हा. (काविळीच्या रोग्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात. मी मुद्दाम भिंतीकडे बघितलं. पांढरीच होती.)

आकडेमोड हा माझा पोटापाण्याचा धंदा, त्यामुळे मी रिपोर्टचा तक्ता करून आणला होता. एसजीपीटी, म्हणजे लिव्हरच्या पेशी मोडल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम, १९०० वरून ७०० वर आलेलं, पण बिलिरुबिन, म्हणजे डोळे पिवळे करणारं द्रव्य, ८ वरून ११ वर चढलेलं. ११ या आकड्याभोवती मी लाल गोल काढला होता. तुम्ही तो तक्ता बघून हसलात, चेष्टेने नाही, आणि पेनाचं टोक खाली सरकवत मी ज्याला साधी ओळसुद्धा दिली नव्हती अशा एका आकड्यावर ठेवलंत. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप, १.१.

"तुम्ही बिलिरुबिन बघताय. मी हे बघतेय."

रक्त गोठायला लागणारे घटक लिव्हर बनवतं. आयएनआर एकच्या आसपास आहे म्हणजे कारखाना चालू आहे. बिलिरुबिन मागून चढतं, मागूनच उतरतं. पण एसजीपीटी घसरतंय, बिलिरुबिन चढतंय आणि जोडीला आयएनआरही वाढतंय, असं असतं तर तुम्ही मला त्याच पावली भरती केलं असतं, कारण तेव्हा एसजीपीटी उतरतं ते मोडायला पेशीच उरल्या नाहीत म्हणून. एकच उतरती रेघ, एकदा चांगली बातमी आणि एकदा वाईट. इतकी वर्षं हिशेब लिहितोय, पण शेजारचा रकाना न बघता आकडा वाचायचा नाही, हे तुमच्याकडून शिकलो.

असं बिघडणं क्वचितच घडतं. वय पन्नाशीच्या पुढे असलं किंवा लिव्हर आधीच दुखावलेलं असलं तर धोका वाढतो. तरीही तुम्ही बायकोला बाहेर बसवून न ठेवता आत बोलावलंत आणि काय दिसलं तर रात्री-अपरात्रीही दवाखाना गाठायचा ते सांगितलंत: बोलण्यात गोंधळ, दिवसा गुंगी आणि रात्री टक्क जाग, हिरड्यांतून रक्त, न थांबणारी उलटी. तिने ते कपाटाच्या दारावर चिकटवलं. ते तिथे होतं म्हणून ती झोपू शकली.

'हे कुठून आलं' या चौकशीतून तुम्ही आम्हाला सोडवलंत. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत १५ ते ५० दिवस जातात, साधारण महिनाभर. महिन्यापूर्वी कुठे काय खाल्लं-प्यायलं हे कोण सांगणार? तुम्ही उलट आमच्या चार वर्षांच्या मुलीबद्दल विचारलंत. महिन्यापूर्वी ती दोन दिवस नीट जेवली नव्हती, एकदा उलटी झाली होती, बस. तिचंही आयजीएम पॉझिटिव्ह निघालं. सहा वर्षांखालच्या बहुतेक मुलांना कावीळ होतच नाही. ती खेळत राहतात आणि मोठी माणसं आडवी होतात. माझ्या आईच्या रक्तात जुनी प्रतिपिंडं सापडली, म्हणजे तिला हे कधीतरी लहानपणीच होऊन गेलेलं आणि तिच्या गावीही नाही. उरली बायको. संपर्क आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत लस दिली तर उपयोग होतो, म्हणून तुम्ही तिला त्याच दिवशी पहिला डोस दिलात. दुसरा सहा महिन्यांनी झाला.

खिशात सॅनिटायझरची बाटली घेऊन फिरणाऱ्या मला तुम्ही साबणाने हात धुवायला लावलेत. अल्कोहोलला हा विषाणू सहज दाद देत नाही, तो चोळून, वाहत्या पाण्याने घालवावा लागतो. बाटली अजून खिशात आहे, सवय म्हणून.

नवव्या आठवड्यात एसजीपीटी पुन्हा चढलं तेव्हा मी घाबरलो नाही, कारण दहातल्या एखाद्याला हे असं उलटून येतं आणि पुन्हा आपसूक शमतं, हे तुम्ही आधीच बजावून ठेवलं होतं. बातमी येण्याआधी तिची कल्पना देणं हेही औषधच असावं.

एक गोष्ट मात्र मला फार उशिरा कळली. प्रत्येक भेटीत तुम्ही मला दोन्ही हात सरळ पुढे करून पंजे मागे वळवायला सांगायचात, रहदारी थांबवतात तसे, आणि काही न बोलता क्षणभर बघत राहायचात. मला वाटायचं अशक्तपणा बघताय. लिव्हरचा परिणाम मेंदूवर व्हायला लागला तर ते पंजे फडफडतात, हे मी बरा झाल्यावर वाचलं. म्हणजे ज्या भेटींत तुम्ही 'काहीच केलं नाही', त्या प्रत्येक भेटीत तुम्ही माझ्या हातांकडे बघत होतात.

शेवटच्या भेटीत तुम्ही रिपोर्ट बघितलेत, फाइल मिटलीत आणि हात पुढे करायला सांगितलं नाहीत. मीच केले.

तुमचा,
तक्तेवाला पेशंट