बार्लीचा चोथा आणि तुझा गोठा

पुणे

प्रिय संत्या,

गेल्या शनिवारी ऑफिसातल्या पोरांनी मला मुंढव्यातल्या एका मायक्रोब्रुअरीत, म्हणजे बिअर जागेवरच बनवून विकणाऱ्या छोट्या कारखान्यात, ओढून नेलं. तू म्हणशील, चाळिशी उलटली आणि याला आता ही थेरं सुचली. पण पुढे वाच, गोष्ट तुझ्या गोठ्यापर्यंत येते.

पुण्याला हे प्रकरण नवं नाही म्हणा. देशातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअऱ्यांपैकी एक, डुलाली, २००९ मध्ये इथेच निघाली. आम्ही गेलो तिथे दारातच ‘पर्यावरणपूरक’ अशी मोठी पाटी आणि टेबलावर कागदी स्ट्रॉ. बिअर स्ट्रॉने कोण पितं रे? मी तिथेच निम्मा नाराज झालो. मालदांडी ज्वारी घातलेली बिअर मागवली. हलकी, जराशी आंबूस, उन्हाळ्यात बरी लागेल. बाकीच्यांनी आंब्याची घेतली. मी एक घोट चाखून ग्लास परत दिला.

बिअर बनवणारा पोरगा सांगलीकडचा निघाला, गावाकडची बोली ऐकून खुलला आणि मला आत घेऊन गेला. भरडलेली बार्ली पासष्ट अंशाच्या आसपास गरम पाण्यात तासभर मुरवायची, गोड पाणी काढून घ्यायचं, मग ते हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, घालून उकळायचं. उकळलेलं ते पाणी झटकन गार करावं लागतं. त्यासाठी पत्र्यांच्या एका बाजूने ते आणि दुसऱ्या बाजूने थंड पाणी सोडतात. थंड पाणी त्यात तापतं, ते टाकीत साठवून पुढच्या घाण्याला वापरतात. गॅस वाचतो आणि पाणीही. हे मला पटलं. भिंतीपलीकडेच विकायची म्हटल्यावर बाटल्या, खोकी, ट्रक हेही आलं नाही. पण हॉप्स जर्मनीहून येतात. आणि पाण्याचं विचारलं तर गडी प्रामाणिकपणे म्हणाला, मोठ्या कारखान्यांना लिटरभर बिअरमागे तीन-चार लिटर पुरतं, आम्हाला त्याच्या दुप्पट तरी लागतं, धुण्यातच जातं सगळं. एप्रिल-मेमध्ये त्या भागात टँकरच्या रांगा असतात, तेव्हा ही पाटी जरा खाली उतरवायला हवी.

खरी गंमत चोथ्याची, म्हणजे गोड पाणी काढून घेतल्यावर उरलेल्या बार्लीची. आम्ही उभे असतानाच त्याने भांड्याचं खालचं दार उघडलं आणि लाकडी फावड्याने वाफाळता चोथा निळ्या पिंपांत ओढायला लागला. दलियाच्या लापशीसारखा वास! हजार लिटरच्या घाण्याला ओला दोनशे किलोच्या आसपास निघतो. पूर्वी कचऱ्याच्या गाडीत जायचा, आता मांजरीचा एक गोठेवाला नेतो. पण त्याला सगळा पुरवून उरतो.

तू पेंडीच्या भावाने रडत असतोस म्हणून लिहितोय. वाळवून मोजला तर यात वीस टक्क्यांवर प्रथिनं असतात. आणि वहिनीला सांग, गाई झिंगणार नाहीत. आंबवण्याच्या आधीच हा बाजूला काढतात, दारूचा थेंबही नसतो. अडचण एकच, वजनात पाऊण हिस्सा पाणी आणि उन्हाळ्यात दीड-दोन दिवसांत बुरशी. नुसता चोथा आणायला सासवडहून गाडी पाठवलीस तर डिझेलमध्येच मरशील. पण तुझा टेम्पो पहाटे भाजी टाकून हडपसरहून रिकामाच दिवे घाट चढतो ना? पोरगा म्हणाला, संध्याकाळचा घाणा असेल तर पहाटे पिंपं भरून दारात ठेवतो, पिंपं तेवढी धुऊन परत आण.

एकदम घालू नकोस. आधी दोन गाईंना, थोडा थोडा, कडब्याच्या कुट्टीत मिसळून. आणि त्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचार. दादांना एवढ्यात काही सांगू नकोस, ‘दारूच्या गुत्त्यावरचं गाईला?’ म्हणून घर डोक्यावर घेतील. दूध वाढलं की मग सांगू.

त्याचे घाणे मंगळवारी आणि शुक्रवारी असतात. नेणार असशील तर रविवारच्या आत कळव, त्याला तसा शब्द दिलाय.

तुझा,
अव्या