मुख्याध्यापक झालेल्या मित्रास

देवगड,
१४ मे

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. शाळेचा कार्यभार हाती घेतल्याबरोबर तुझ्या मनात मुलांच्या मानसिक आरोग्याचा विचार आला, याचे मला फार समाधान वाटले. १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, येऊन मुलांसमोर तासभर बोलावे असे तू लिहिले आहेस. मी जरूर येईन. परंतु त्या एका तासावर तू फारशी भिस्त ठेवू नयेस, असे तालुक्याच्या ठिकाणी इतकी वर्षे मुलांवर उपचार करताना जे पाहिले त्यावरून मला वाटते, आणि तेच सविस्तर सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मानसिक आजारांपैकी जवळजवळ निम्मे वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात, हे जागतिक आरोग्य संघटना वारंवार सांगत आली आहे. माणूस उपचारासाठी दारात येतो तो मात्र बहुधा पुष्कळ वर्षांनी. तुझ्या आठवीच्या वर्गात बसलेली मुले नेमकी याच वयाची आहेत. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये कोणता ना कोणता मानसिक आजार आढळला होता. हेच प्रमाण धरले, तर तुझ्या चारशे मुलांच्या शाळेत अशी तीसेक मुले असतील. त्यांपैकी कितींची नावे तुझ्या शिक्षकांना आज सांगता येतील? आणि उरलेल्यांपैकी कोणी त्या वाटेला लागू नये म्हणून शाळा काय करते?

मूल आपल्याला नैराश्य आले आहे असे सांगत नाही. त्याचे पोट दुखते, डोके दुखते, जेवण जात नाही, झोप लागत नाही. मध्यंतरी नववीतल्या एका मुलीला तिची आई घेऊन आली. महिनाभर पोटात दुखत होते. सोनोग्राफी झाली होती, रक्त-लघवी तपासून झाली होती, जंतांचे औषधही देऊन झाले होते. मी आईशी बोलत असताना ती मुलगी केसपेपरची घडी घालत होती, उघडत होती, पुन्हा घालत होती. कागद घडीवर फाटायला आला होता. आईला बाहेर बसायला सांगून मी विचारले, तेव्हा कळले की रविवारी दुखत नाही. वर्गातल्या मुलींनी तिच्याशी अबोला धरला होता आणि मधल्या सुट्टीत ती डबा घेऊन पाण्याच्या टाकीमागे एकटी बसत असे. वडील नोकरीसाठी मुंबईला. रात्री त्यांचा फोन येई आणि पहिला प्रश्न चाचणीतल्या गुणांचा असे. पुढे शाळेचा हजेरीपट पाहायला मिळाला, तेव्हा सोमवारच्या रकान्यांत तिची गैरहजेरी ओळीने लागलेली दिसली. नोंद चोख होती; ती वाचणारे कोणी नव्हते.

आपल्याकडच्या मुलांवरचा भार काही अंशी आपल्या अभिमानातूनही आला आहे. राज्य शिक्षण मंडळाचा कोकण विभाग स्वतंत्र झाल्यापासून दहावीच्या निकालात राज्यात पहिला येतो, आणि त्याचा आनंद मलाही होतो. पण जिथे जवळजवळ सगळेच पास होतात तिथे नापास होणाऱ्या एखाद्या मुलाला तोंड लपवायलाही जागा उरत नाही, हे आपण लक्षात घेत नाही. त्यात झोपेची आबाळ होते. किशोरवयात शरीराचे घड्याळच पुढे सरकते, त्यामुळे मुलांना रात्री लवकर झोप येत नाही. तो निव्वळ आळस किंवा निव्वळ मोबाइलचा दोष नव्हे. या वयाला आठ ते दहा तासांची झोप लागते, आणि लांबच्या वाडीतले मूल मात्र पहाटेच्या गाडीसाठी पाच वाजता उठते. शाळा सुरू होण्याआधीचे जादा तास तू बंद केलेस, तर त्या एका निर्णयाने माझ्या व्याख्यानापेक्षा अधिक मुलांचे भले होईल.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः लिहायला बसलो, तिच्याकडे वळतो. बिहारमधील नालंदा जिल्ह्यातल्या ७४ सरकारी माध्यमिक शाळांत ‘सेहेर’ नावाचा एक प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आपल्या शेजारच्या गोव्यातली ‘संगत’ ही संस्था त्यात होती. कार्यक्रम अगदी साधा होता: परिपाठाच्या वेळी चर्चा, भित्तिपत्रक, सूचनापेटी, मुलांचे गट, आणि जे मूल येईल त्याच्याशी एकांतात बोलणे. काही शाळांत हे काम पाहण्यासाठी मानसोपचाराची पदवी नसलेली, पण खास प्रशिक्षण दिलेली एक स्वतंत्र व्यक्ती नेमली. काही शाळांत तेच काम तिथल्याच एका शिक्षकाकडे सोपवले. जिथे स्वतंत्र व्यक्ती होती तिथे शाळेतले वातावरण सुधारले, मुलांमधली नैराश्याची लक्षणे कमी झाली, दादागिरी आणि मारामारी कमी झाली. जिथे शिक्षकावर काम टाकले होते, तिथे काहीच फरक पडला नाही. युरोपातल्या दहा देशांत सुमारे अकरा हजार विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही असेच दिसले. केवळ शिक्षकांना धोक्याची लक्षणे ओळखायला शिकवून विशेष काही साधले नाही. मुलांनी स्वतः प्रसंग वठवून त्यावर आपसांत बोलावे अशी योजना जिथे केली, तिथे वर्षभरात आत्महत्येच्या प्रयत्नांचे प्रमाण निम्म्यावर आले. आपल्या मुलांना तर हे जड जाणार नाही. लिहिलेली संहिता नसताना रात्रभर संवाद रंगवणारे दशावतारी ती लहानपणापासून पाहत आली आहेत.

यात शिक्षकांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. जो गुण देतो, शिक्षा करतो आणि पालकांना बोलावून घेतो, त्याच्याजवळ मूल सहसा मन मोकळे करीत नाही. शिवाय पोषण आहाराच्या नोंदी आणि निवडणुकीची कामे करून त्या बिचाऱ्याजवळ वेळ तरी किती उरतो? म्हणून तू एक स्वतंत्र माणूस मिळव. गावातलीच एखादी पदवीधर, शांत स्वभावाची, ऐकलेले पोटात ठेवणारी मुलगी किंवा सून चालेल. जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागाशी बोलून तिच्या प्रशिक्षणाची खटपट मी करतो. मानधनासाठी तुमच्या गावाच्या मुंबई मंडळाकडे शब्द टाक. मंडळाने शाळेला कमान बांधून दिली, रंगमंच दिला. एका व्यक्तीचे वर्षाचे मानधन त्या कमानीपेक्षा नक्कीच स्वस्त पडेल.

बाकीच्या गोष्टी तुझ्या अधिकारातल्या आहेत. सलग दोन सोमवार गैरहजर राहिलेल्या मुलाची चौकशी त्याच आठवड्यात व्हावी, आणि ती रागाने होऊ नये. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी घातली आहे. सगळ्या वर्गासमोर अपमान करणे हा छळच आहे, हे शिक्षकांना एकदा स्पष्ट सांग. तक्रारपेटी दर आठवड्याला उघडली जावी. लैंगिक अत्याचाराचा नुसता संशय आला तरी पॉक्सो, म्हणजे बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक, कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. तिथे गावाची अब्रू, नातेगोते काहीही आड येऊ देऊ नकोस.

घराच्या बाबतीत एकच गोष्ट आग्रहाने सांगतो. आपल्याकडे आंब्याच्या फवारणीची औषधे पडवीत, खोपीत, कधी कधी तर स्वयंपाकघराच्या मागे उघडी ठेवलेली असतात. तरुण मुले टोकाचे पाऊल पुष्कळदा क्षणाच्या उद्वेगात उचलतात आणि तो क्षण टळला तर जीव वाचतो. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली, तेव्हा तिथल्या आत्महत्या फार मोठ्या प्रमाणात घटल्या. औषधे कुलपात ठेवा आणि किल्ली मोठ्यांजवळ ठेवा, एवढे प्रत्येक बागायतदार पालकाला सांगितलेच पाहिजे.

एखादे मूल फारच खचलेले दिसले, तर जीव द्यावासा वाटतो का, असे त्याला सरळ आणि मायेने विचारावे. विचारल्याने तो विचार मनात भरतो ही समजूत चुकीची आहे. उलट, कोणीतरी विचारले याने मुलाचा जीव हलका होतो. मात्र त्यानंतर त्याला एकटे सोडू नये. १४४१६ हा ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा क्रमांक २०२२ पासून सुरू आहे, तो चोवीस तास चालतो, त्याला पैसे पडत नाहीत आणि तिथे मराठीत बोलता येते. तो प्रत्येक वर्गाच्या दाराजवळ लिहून ठेव. मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा १०९८ सुद्धा लिही. पालक आधी देवळात कौल लावतील, गाऱ्हाणे घालतील. त्यांच्या श्रद्धेला धक्का न लावता, त्याच आठवड्यात डॉक्टरकडेही न्या, असे म्हणावे. रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाचे नाव ऐकले तरी आपली माणसे दचकतात, म्हणून पहिली भेट माझ्याकडे किंवा जिल्हा रुग्णालयात झालेली बरी.

पालकसभा मात्र जुलैत घेऊ नकोस. ती गणपतीच्या दिवसांत ठेव, कारण तेव्हा चाकरमानी वडील गावात असतात, आणि रोज फोनवर काय विचारावे हे त्यांच्याशी समोरासमोर बोलणे मला १० ऑक्टोबरच्या व्याख्यानापेक्षा महत्त्वाचे वाटते. गौरी-विसर्जनानंतरचा एखादा दिवस ठरवून कळव, म्हणजे मी त्या दिवशी दवाखाना बंद ठेवीन.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
वसंत