एम्प्रेस गार्डनमधल्या अनोळखी मंडळींना

जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनाला आम्ही मैत्रिणी पुण्याच्या एम्प्रेस गार्डनला गेलो होतो. गर्दीतून बाजूला बोलावून कांचनवेलीचं गळलेलं पान माझ्या हातात ठेवणाऱ्या माळीकाकांचे मनापासून आभार. तळहाताहून मोठं, आपट्यासारखं दुभंगलेलं, खालून तांबूस लव! तेच आता माझ्या साडीच्या पदरावर उतरतंय, साखळी टाक्यात.

एक पैसा न घेता गोकर्णीच्या बियांची पुडी बांधून देणाऱ्या ताई, तुमचेही आभार. (आम्ही घासाघीस करायच्या तयारीत होतो!) वेल गॅलरीच्या गजांवर चढलीय, निळा दोरा मी तिच्या फुलाशी ताडूनच निवडते.

आणि मैत्रिणीचा पाय मुरगळल्यावर धावत जाऊन रिक्षा आणणाऱ्या मुलांनो, काकू ठणठणीत आहेत. पुढच्या बागेचा बेत त्याच आखतायत.