कानबाईच्या गाण्यांना महागडं सॉफ्टवेअर कशाला?

महोदय,

कानबाईची (खानदेशातली देवी) अहिराणी गाणी घरीच रेकॉर्ड करणाऱ्या धुळे-जळगावकडच्या पोरांनी चोरीचं सॉफ्टवेअर उतरवू नये. सोबत व्हायरस फुकट येतो. ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर मोफत आहे. एकावर एक आवाज चढवायचे तर रीपर बरं: ६० दिवस वापरून बघा, मग वैयक्तिक परवाना ६० डॉलरला.

रेकॉर्डिंग २४ बिटवर (आवाज टिपण्याच्या बारकाईची सेटिंग) करा, आवाजाचं टोक उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये ठेवा. शून्य ही वरची हद्द; तिला धडकला की आवाज फाटतो, नंतर तो सांधत नाही. पंख्याच्या घरघरीसाठी गाण्याआधी ५ सेकंद नुसती खोली रेकॉर्ड करा (मे महिन्यात पंखा बंद कोण करणार!) आणि तोच नमुना ऑडॅसिटीच्या 'नॉइज रिडक्शन'ला (घरघर कमी करणारी सोय) द्या. घरघर १२ डेसिबलनं कमी केली की थांबा. जास्त ओढलं तर गळा पाण्याखालून आल्यासारखा वाटतो.

— ध्वनिमुद्रण करणारे काही जण, अमळनेर